नीनाच्या नावानं

हे मृत्युपत्र मी फेब्रुवारीत लिहिणार होतो. मग इंजिन बिघडलं, मग ऊन पडलं, मग म्हटलं आधी चांगलं पेन आणू. आता मे उजाडलाय. उद्या ट्रेननं फालमथला जायचं, तिथून एका शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून अझोर्स बेटांकडे निघायचं. पेन तेच जुनं आहे.

तर, मी, समर नीनाकर (जन्मदाखल्यावर समर विनय पाटणकर), वय सव्वीस, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, राहणार स्लाऊच्या कालव्यावरची माझी बोट, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे लिहून ठेवतो. कोणाची बळजबरी नाही. समोर बसलेले सॉल द्वोरकिन ‘आटप लवकर’ म्हणताहेत, ती बळजबरी धरू नये. याआधीचं मृत्युपत्र मी अकरा वर्षांचा असताना केलं होतं. त्यात फुटबॉलची कार्डं होती. ते रद्द.

मराठीत लिहितोय, कारण नीनाला प्रत्येक शब्द स्वतः वाचता यावा. शेजारच्या बोटीवरची ऋजुता याचं इंग्रजी करून देणार आहे. काना-मात्रा चुकली तर दोष माझा. नीनानं शिकवताना कसूर केली नव्हती, मीच टेबलाखाली असायचो.

कलम १. नीना कोण, हे आधी.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मी सहा वर्षांचा झालो तेव्हा बाबांनी नीनाशी लग्न केलं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “मला आई म्हणू नकोस हं. तुझी आई आहे. नीना म्हण.” म्हटलं. पुढे डबे तिनं केले, शाळेत हेडमास्तरांशी भांडायला ती आली, आणि सायकलवरून पडलो तेव्हा आधी मला आणि मग सायकलला ओरडली ती पण तीच. दोन वर्षांपूर्वी दोघांचा घटस्फोट झाला. बाबा लीड्सला गेले, नीना इल्फर्डलाच राहिली, तिच्या खाणावळीपाशी. इथला, इंग्लंडचा, कायदा असा की मृत्युपत्र न करता मी गेलो, तर सगळं बाबांना, आणि नीना माझी कोणीच नाही. हे मी बसस्टॉपवर फोनवर वाचलं आणि समोर आलेली बस सोडून दिली.

कलम २. बोट, तिच्यातली शेगडी, आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझी आई नीना हिला. ‘सावत्र’, ‘माजी’ वगैरे शब्द कोणीही मध्ये घुसडू नयेत. बोट विकावी, माझी हरकत नाही. फक्त घेणाऱ्याला इंजिनाबद्दल खरं सांगू नये.

कलम ३. आडनाव. हे जरा लांबेल.

सॉलकडे मी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागलो. इल्फर्डमध्ये त्यांचं पाट्यांचं दुकान होतं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, द्वोरकिन हे गाव कुठे आलं? आपल्याकडे आडनाव म्हणजे निम्म्या वेळा गावच.

“गाव नाही, बाई,” सॉल म्हणाले. “द्वोरा. माझ्या पणजोबांची आजी.”

द्वोरा बाजारात खारवलेले मासे विकायची आणि नवरा धर्माची पुस्तकं वाचायचा. तिथल्या रशियन सरकारनं ज्यू लोकांना आडनावं घ्या असा हुकूम काढला. कारकुनानं विचारलं, ही पोरं कोणाची? अख्खा बाजार म्हणाला, द्वोराची. झाले द्वोरकिन. सॉलच्या ओळखीत रिवकाचे रिवकिन आहेत, हायाचे हायकिन आहेत, मलकाचे मलकिन आहेत. (मालकीणशी काही संबंध नाही, मी विचारलं होतं.) काही बायका विधवा होत्या, काही नुसत्या नवऱ्यापेक्षा जोरात बोलायच्या.

“म्हणजे मान दिला बायकांना,” मी म्हटलं.

“कसला मान! बाजाराला जे दिसत होतं ते कारकुनानं लिहिलं. ब्रश धू.”

मग इल्फर्डच्या बाजाराला काय दिसतं? वाण्याला विचारा, लायब्ररीत विचारा, पोलिसाला विचारा (एकदाच प्रसंग आला): ‘नीनाज बॉय’. आई म्हणायची परवानगी नव्हती, म्हणून जे म्हणत होतो तेच आडनाव केलं. जानेवारीत रीतसर कागद केला आणि तिला फोन लावला.

“मी काय गाव आहे का रे, ‘कर’ लावायला?”

“पाटण मी जन्मात बघितलेलं नाही नीना. तुझ्या किचनमधून मात्र आलोय.”

“शहाणपणा नको. बाबांना काय वाटेल? लोक म्हणतील, गेली ती गेली, पोरगं पण घेऊन गेली. काढून टाक ते आधी.”

तिनं फोन ठेवला. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. सॉलच्या हातून डबा तेवढा पाठवते. आजही आला, भरली वांगी. निरोप नाही.

म्हणून इथे कायद्याच्या भाषेत नोंदवतो की सदर आडनाव मी काढणार नाही. मी तिचा कोणी नाही असं तिला खरंच म्हणायचं असेल, तर तिनं ते मला तोंडावर सांगावं. डब्यानं सांगू नये. मला डबा उलटाच कळतो.

कलम ४. बाबांना पाटणकर हे आडनाव परत, चांगल्या स्थितीत. रागानं नाही. ते एवढंच म्हणाले, “मला आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.” बरोबर आहे. त्यांना माझी दुर्बीण. लीड्सला पक्षी असतीलच.

कलम ५. निवेदिता आत्या. लग्नाकार्यात ती माझी ओळख ‘विनयच्या पहिलीचा’ आणि नीनाची ‘विनयची दुसरी’ अशी करून देत आली. तिला माझा प्रेशर कुकर, शिट्टी काढून. शिट्टी नीनाला.

कलम ६. ब्रश, सोन्याचा वर्ख, रंगवताना हात टेकवायची काठी. हे सॉलना ठेवणार होतो, पण जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही.

“मला सहीला बोलावलंस की वारस म्हणून?” सॉल.

“दोन्ही.”

“दोन्ही जमत नाही. मी एक्क्याऐंशीचा आहे, गाढवा. तुझ्या ब्रशांची वाट बघत बसू?”

म्हणून हे सामान ऋजुताला. तिच्या बोटीचं नाव अजून खडूनं लिहिलेलं आहे, दर पावसात बोट निनावी होते.

कलम ७. मला काही झालं तर लाकडी पाटी करावी, दगड नको. अक्षरं सॉलनी काढावीत, त्यांचा हात थरथरला तरी चालेल. मजकूर: ‘समर, नीनाचा.’ तिची परवानगी नसेल तर पाटी कोरी ठेवावी, पण रंग नीट द्यावा.

स्थळ: कालव्याकाठी, स्लाऊ. दिनांक: १४ मे २०२५.

सही: दोन्ही साक्षीदार एकत्र समोर असताना करायची असते, म्हणून बाकी.

साक्षीदार पहिले: सॉल द्वोरकिन, इल्फर्ड.

साक्षीदार दुसरे: कुश, माझा मित्र. ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं तासाभरापूर्वी म्हणाला.

ता. क. बोट हलली. कुश नाही, त्याच्या वजनानं जास्त हलते. दारात नीना आहे. दोन्ही हातांनी कठडा धरून, पर्स दातात. सॉल म्हणताहेत, मी नाही बोलावलं.

पर्स काढून पहिलं वाक्य: “निघायच्या आधी तोंड तरी दाखवायचं माणसानं! आणि सही कुठे करायचीय? सॉल परवा म्हणत होते, दुसरा साक्षीदार हवाय. मी करते.”

“तुला नाही चालणार.”

“का? मी तुझी नातेवाईक थोडीच आहे. उलट मीच चालेन.”

“ज्याचं नाव आत आहे, त्याला सही करता येत नाही.”

“माझं नाव? कुठंय?”

कागद तिच्याकडे फिरवतोय. ती बसलीय आणि चष्मा शोधतेय.