सारवलेल्या भिंतीवर शालू

५ फेब्रुवारी २०१७, रवि.
बपेऱ्याला जाऊन आलो. शालूच्या फोटोची फ्रेम घेऊन गेलो होतो, तशीच परत आणली. मामींनी, म्हणजे शालूच्या आईने, फोटो पाहिला आणि माझ्या हातात दिला. "कोनाचा आनला, जवाई? माही शालू एवढी गोरी कदी होती?" पुढच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल, कार्यक्रमाला या म्हटलं. "त्या घरी शालू नाही. येऊन काय करू?" ती गेल्यापासून भंडाऱ्याजवळच्या आमच्या घरी, कारध्याला, एकदाही आल्या नाहीत. परतताना तुमसरला बस उशिरा.

६ फेब्रु., सोम.
ऑफिस सुटल्यावर रमेशच्या फ्लेक्सच्या दुकानात. मूळ फोटो मागितला. नाही. चेहरा उजळून त्याच फाइलवर सेव्ह केला होता त्याने. "सगळ्यायचे असेच करतो, भाऊ. फ्लेक्सवर सावळं मानूस काळं दिसते. मंग लोकं मलेच बोलतात." फोटो काढला तो माझा तेव्हाचा मोबाइल कधीच बंद पडला. म्हणजे धड फोटो एवढा एकच, तोही गोरा केलेला. राग आला. चहा घेऊन निघालो.

९ फेब्रु.
र. एका हॉटेलवाल्याचं बोर्ड करत होता. विटांची भिंत, तिच्यावर बैलजोडी, अगदी ब्रशने रंगवल्यासारखी. विटांच्या सांध्यात रंगही खाली उतरलेला. "हे भिंतीवर काढलं?" "नाही भाऊ, सगळं इथंच, कम्प्युटरवर." घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१३ फेब्रु., सोम.
मागच्या पडवीची मातीची भिंत. शालू दरवर्षी एप्रिलातल्या जयंतीच्या आधी सारवायची. काल दुपारी फोटो काढला, सपाट आला. आज सकाळी ऊन आडवं असताना काढला तर बोटांचे सगळे फराटे वर आले. अर्धगोल, एकावर एक. इतकी वर्षं त्याच भिंतीला टेकून चहा प्यायलो. कधी पाहिले नव्हते.

१५ फेब्रु.
र.ने दाखवलं, मी केलं. भिंतीच्या फोटोची काळी-पांढरी प्रत, जराशी धूसर, वेगळी सेव्ह करायची. मग शालूचा फोटो भिंतीच्या फोटोवर ठेवून 'डिस्प्लेस' कमांड द्यायची, आणि तिला ती धूसर प्रत दाखवायची. भिंत जशी खालीवर तसं चित्र सरकतं. मी आकडा फार मोठा टाकला. नाक कानाकडे गेलं. र. हसला. मलाही हसू आलं. शालू असती तर...
"कंट्रोल झेड करा, भाऊ."

१७ फेब्रु., शुक्र.
आकडा कमी केला. चेहरा जागेवर, फराटे गालावरून गेलेले. मग तिच्या फोटोचा लेयर 'मल्टिप्लाय'ला नेला. फोटोतलं पांढरं सगळं गेलं, त्या जागी भिंत आली. र.ने चढवलेला गोरेपणा उतरला. खाली तिचाच रंग.
बराच वेळ माउस धरून बसलो.
"डार्क वाटून राहिलं, भाऊ. थोडं ब्राइट करू का?"
"हात लावू नको."
"बरं बाप्पा."
भिंतीला एक भेग आहे, ती पदरावरून गेली. र. बुजवायला निघाला. राहू दे म्हटलं. भिंतीवर रंगवलं असतं तर गेलीच असती.

१९ फेब्रु., रवि.
कॅनव्हासवर प्रिंट काढून बपेऱ्याला. मामींनी उजेडात नेली. मग बोट फराट्यांवरून फिरवलं.
"हे कोनं सारवलं?"
"शालूनंच."
"तरीच. खालून वर हात नेते. मीच शिकवलं तिले." मग बोट पदराशी थांबलं. "हे भेग काहून पडली? सारवत नाही का कोनी आता?"
"नाही."
"तुमाले येत नाही?"
"नाही."
"भिंत पडन अशानं. नुसते फोटो काढून राहिले."
प्रिंट ठेवून घेतली. भिंतीला लावली नाही, पण परत दिली नाही. निघताना दारातून विचारलं, "माती हाय का घरी?"
आणतो म्हटलं.

२० फेब्रु., सोम.
मामींच्या शेजाऱ्याचा फोन. त्या तुमसरहून भंडाऱ्याच्या बसची चौकशी करत होत्या. येणार का? ते त्याला सांगितलं नाही म्हणे.
त्या आल्या की सारवतीलच. म्हणजे शालूचे फराटे नव्या मातीखाली जाणार. र.ला सांगितलं तर म्हणाला, "फोटो तर हाय ना, भाऊ." आहे. तरी पडवीत जाऊन भिंतीला हात लावून आलो.
संध्याकाळी माती आणली, घमेल्यात भिजत घातली. भेगेपुरतंच सारवा, असं मामींना सांगता येईल. सांगेन का, माहीत नाही.