निंबापासून सात पावलं

आणि बोलणी मात्र मी खायची, आबा! बांध कोरलात तुम्ही, निघून गेलात तुम्ही, त्याला बावीस वर्षं झाली, आणि आता इथं सुरतेत, पांडेसऱ्याला, गावच्या मंडळाच्या बैठकीत सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. चौथी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला बसवलंत. बोटं दुखतायत. पण वर देवाघरी फोन काही लागत नाही.

गावाकडची आपली सगळी उतरणीची जमीन खरवडली गेलीय. मुरूम उघडा पडलाय, माती नाल्यात. आता ग्रामपंचायत, कृषी खातं आणि एक संस्था यांनी मिळून काम धरलंय, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घालायचे. मशीन सरकारचं, डिझेल संस्थेचं, अंगमेहनत गावाची. सुरतेतल्या आपल्या गावच्या मंडळानंही सुट्टीत जाऊन खणायचं कबूल केलंय. मिलमध्ये बारा तास उभे राहणारे लोक, ते काय खणणार, म्हणून मी हसले होते. पण वरच्या टोकाला त्यांनी गेल्या वर्षी घातलेला बांध बघून आले. पाऊस पडून गेला तरी खाली पाणी उतरत होतं ते नितळ, चहासारखं नाही. तोंड बंद झालं माझं.

अडलंय मधे, आपल्या आणि मोठ्या काकांच्या शेतात. तिथला बांध वीतभर उरलाय. दर पावसात तिथूनच फुटतो आणि खालच्या सगळ्यांची माती घेऊन जातो. नवा घालायचा तर जुन्या जागेवर, आणि जुनी जागा सांगायला काकाही उरले नाहीत. त्यांचा मुलगा इथंच सुरतेत, कोसाडला राहतो, तो परवा आला. मी साड्यांना लेस लावत होते, ढिगाऱ्यातच बसला.

"अक्का, हद्द कुठं होती ते तू सांग. आबांबरोबर तूच असायचीस."

"मोजणी आणा की."

"मोजणीची तारीख मिळेस्तोवर पाऊस येईल. मशीन दुसऱ्या गावाला जाईल." मग चहा फुंकत म्हणाला, "भांडायला नाही आलो गं. भांडायला आता माती तरी कुठं उरलीय?"

मी त्याला म्हटलं, आठवत नाही. खोटं बोलले.

आखाजीच्या सणाला तुम्ही रजा काढून गावी यायचात. नखांत मिलचा निळा रंग, तो बैलाच्या कासऱ्यालाही लागायचा. माझ्यासाठी चिंध्यांची पिशवी. त्यातल्या पिवळ्या तुकड्यांचा परकर तुम्ही स्वतः शिवलात, एका बाजूनं आखूड, तरी मी तो फाटेपर्यंत नेसले. आणि मग नांगर. मी बैलांच्या पुढं चालतेय, मागून तुमचा आवाज येतोय, "बांधाकडं जरा दाब." दरवर्षी थोडा थोडा बांध नांगरात जातोय. मी विचारते, हे काकांचं ना? तुम्ही हसता. "हाई आपलंच शे, चाल." निघालेले दगड मी डोक्यावरून नेऊन नाल्यात टाकायचे. एका वर्षी हद्दीच्या खुणेचा दगडही टाकला. मीच. तो बांध पाणी अडवत होता, हे तुम्हाला कळलं नाही, आबा? तुम्हाला? हातभर जमीन मिळवलीत आणि गुडघाभर माती घालवलीत, आपलीही, काकांचीही.

जागा मला पक्की आठवते. आपल्या शेतातल्या निंबाच्या बुंध्यापासून सात पावलं, माझी लहानपणीची. पण ती दाखवली की कोणी कोरला ते सगळ्यांना कळणार. मंडळात अजून तुमचं नाव निघतं. गावाहून नवा कोणी आला की त्याला खोली आणि काम मिळवून देणारा माणूस, म्हणून. त्या नावाला मी माझ्या तोंडानं डाग लावू?

हे पत्र लेसच्या डब्यात तळाशी जाणार आहे, म्हणून एक सांगून टाकते. मला ते आवडायचं. सगळ्या भावंडांतून तुम्ही मलाच न्यायचात. दगड फेकताना वाटायचं, आपण दोघं मिळून काहीतरी मोठं करतोय. त्यातच माझं तोंड शिवलेलं राहिलं, इतकी वर्षं.

रविवारी दहाला बैठक आहे. हो किंवा नाही, त्याच्या आत सांगा, स्वप्नात या, कसंही. नाही आलात तर मी उभी राहून सात पावलं सांगणार. आणि "आबांनी कोरला" असं म्हणणार नाही, "आम्ही दोघांनी कोरला" म्हणणार. मग रागवा खुशाल. रविवारी दहापर्यंत वाट बघते. त्यापुढं नाही.