तिउर्माबाई दुसऱ्यांदा विचारत नाहीत

सोमवार, ३ ऑगस्ट
हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं. वीस तारखेला, गुरुवारी, शिक्षण खात्याचे निरीक्षक माझा नववीचा तास बघायला येणार. धडाही तेच ठरवून मोकळे झालेत : रिलेटिव्ह प्रोनाउन्स. तास जमला नाही तर नववीची इंग्रजी शाळेतल्या तरुण शिक्षिका तिउर्माबाईंकडे आणि मी लायब्ररीत.

मी हसलो. सत्तावीस वर्षं हा वर्ग माझ्याकडे आहे. जावातल्या आमच्या या गावात मार्वोतो म्हणून मला कोणी ओळखत नाही, भाजीवालीसुद्धा ‘इंग्लिशसर’ म्हणते. हा एकच धडा दर वर्षी ‘घरी वाचा’ म्हणून सोडतो. सोपा आहे म्हणून.

निश्चय : रोज पहाटे साडेपाचला उठून एक तास अभ्यास. धडा चार पानांचा. हातात पंधरवडा. उलट वेळ उरेल.

मंगळवार, ४ ऑगस्ट, पहाटे ५.४०
दहा मिनिटं चष्मा शोधण्यात गेली. ती धरायची नाहीत.

माणसाला हू. वस्तूला आणि जनावराला विच. समजलं. मग हूज. मग हूम. हे हूम कशाला? आमच्या भाषेत एकटा ‘यांग’ सगळ्यांना पुरतो. माणूस, म्हैस, मोटरसायकल, कोणाची तक्रार नाही. इंग्रजांना रिकामा वेळ फार.

म्हशीचंही पटलं नाही. शेजारचे हर्जो बायकोपेक्षा म्हशीशी जास्त बोलतात. तिला विच म्हणायचं?

५.५५. होल्याच्या पिंजऱ्यात पाणी नाही. मुक्या जिवाला ताटकळत ठेवून अभ्यास करणं मला जमत नाही. बाकीचं उद्या.

बुधवार, ५ ऑगस्ट
गल्लीची बैठक. सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या समितीला अध्यक्ष हवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, माझी कसली लायकी. हर्जो म्हणाले, तुमच्याशिवाय कोण? मी म्हणालो, तरुणांना द्या. ते म्हणाले, नाही नाही, तुम्हीच. तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर माणूस काय करणार? झालो अध्यक्ष.

घरी बायको, रुस्मिनी, म्हणाली, अहो, खरंच नको होतं तर खरंच नको म्हणायचं. दोनदा म्हणालो की!

शुक्रवार, ७ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये पुस्तक उघडून बसलो होतो. तिउर्माबाई आल्या. वय एकोणतीस, दुसऱ्या बेटावरच्या, मेदानकडच्या, आवाज मोठा. सरळ म्हणाल्या, सर, हा धडा अडतोय का? रविवारी घरी येऊ? दोन तासांत सगळं सांगते.

पोरगी गुणी आहे. मनातून बरं वाटलं. म्हणालो, छे छे, कशाला उगाच त्रास!

म्हणाल्या, बरं. आणि गेल्या.

अशा कशा गेल्या? कोणी काही देऊ केलं की पहिल्याच हाकेला ‘हो’ म्हणणं हा आमच्यात हावरटपणा. पहिल्यांदा ‘छे छे’, दुसऱ्यांदा ‘कशाला’, तिसऱ्यांदा ‘तुम्ही एवढं म्हणताय तर’. शेंबड्या पोराला कळतं. बाई जावात येऊन तीन वर्षं झाली, कळलं असेलच. विचारतील पुन्हा.

रविवार, ९ ऑगस्ट
बाई न विचारताही येऊ शकतात, म्हणून रुस्मिनीला केळी तळायला लावली. मोगऱ्याचा चहा. इस्त्रीचा बाटिक शर्ट. नऊ वाजले, दहा वाजले. रुस्मिनी म्हणाली, तुम्ही नको म्हणालात, मग ती कशी येईल? हिला जगाची रीत कळत नाही.

अकराला केळी हर्जोंकडे पाठवली. सहा मी आधीच खाल्ली होती. आज अभ्यास नाही. वाट बघण्यातच थकायला झालं.

बुधवार, १२ ऑगस्ट
वर्गात धडा चाचपून बघितला. हू, विच, हूज भराभर सांगून टाकलं. हूमपाशी आवाज बारीक केला. विचारलं, समजलं? बत्तीस जण एका सुरात, हो सर. कोणाला शंका? कोणाला नाही. म्हणजे मला वाटत होतं त्यापेक्षा मला बरंच येतं.

पहाटेचा अभ्यास सोमवारपासून बंद आहे. पताका, पोत्यांची शर्यत, दोरीला टांगलेले पापड, सगळं अध्यक्षांनाच विचारतात.

शनिवार, १५ ऑगस्ट
तिउर्माबाईंना आठवण करून द्यायची, पण मागायचं नाही, असं ठरवलं. व्याकरणाचं पुस्तक छातीशी धरून त्यांच्या टेबलासमोरून चार फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीत उसासाही टाकला. बाई म्हणाल्या, सर, बरं वाटत नाहीये का? घरी जा, तुमचा तास मी घेते.

तोच तर जायचाय तुमच्याकडे, बाई!

सोमवार, १७ ऑगस्ट
झेंडावंदन. पापड खाण्याच्या स्पर्धेत हर्जो पहिले. आज देशाचा दिवस. व्याकरण परक्यांचं.

बुधवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळ
उद्या तास. चार पानांतलं एक पान येतं. खरं लिहितो, मला भीती वाटते.

रुस्मिनी म्हणाली, अहो, जा आणि सांगा तिला, येत नाही, शिकव. तोंड झिजतं का? गेलो. बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. म्हणाल्या, सर! काही काम होतं? मी म्हणालो, छे, सहज. इकडून पुढे चाललो होतो.

पुढे भिंत आहे. गल्ली तिथेच संपते. बाई बघत होत्या, म्हणून भिंतीपर्यंत जाऊन परत आलो.

गुरुवार, २० ऑगस्ट
निरीक्षक बासोसाहेब मकासारकडचे, म्हणजे तेही दुसऱ्या बेटावरचे. सरळ नाकाचे, सरळ बोलण्याचे. शेवटच्या बाकावर बसले.

मी फळ्यावर हर्जोंची म्हैस लिहिली, आणि तिला हू लावलं. हात तिकडेच वळला. साहेबांनी काहीतरी टिपलं. मग त्यांनी एका मुलीला विचारलं, हूम कधी वापरतात? ती उभी राहिली, हसली, खाली बघत राहिली. दुसरीला विचारलं, तीही हसली. मग वर्गाला विचारलं, धडा समजला का? बत्तीस जण, हो सर. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मीही हसलो. आम्ही तेहतीस जण हसत होतो आणि कोणालाच काही येत नव्हतं.

नंतर हेडमास्तरांच्या खोलीत साहेब म्हणाले, तास पडला. पण मुलं तुम्हाला मानतात. दोन महिन्यांचं प्रशिक्षण आहे, ते केलंत तर वर्ग तुमच्याकडेच ठेवतो. हवंय?

हवं होतं. देवाशपथ हवं होतं. म्हणालो, छे छे साहेब, माझ्यासाठी कशाला एवढं?

हेडमास्तर आमच्याकडचेच. पुढे सरसावून म्हणाले, अहो सर, घ्या की. मी म्हणालो, तरुणांना द्या. अजून एकदा विचारलं असतं तर झालंच असतं. तोवर साहेबांनी कागदावर लिहिलं, सही केली, पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज अजून कानात आहे.

सोमवार, २४ ऑगस्ट
लायब्ररी. दोन कपाटं, एक पंखा. भिंतीपलीकडे नववीचा वर्ग. तिउर्माबाईंनी विचारलं, समजलं? मुलं म्हणाली, हो सर. चुकून. सवय. मग सगळी हसली. मी पुस्तकांवरची धूळ झटकत राहिलो.

सकाळी येताना बाजारात भाजीवाली म्हणाली होती, काय घेणार इंग्लिशसर? तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

मधल्या सुट्टीत तिउर्माबाई आल्या. आज आवाज लहान होता. म्हणाल्या, सर, मला हा वर्ग नको होता. अजून वेळ गेलेली नाही. खात्याची शिक्षकांसाठीची परीक्षा डिसेंबरात आहे. रविवारी येऊ? तुम्हाला शिकवते, वर्ग परत घ्या.

मी तोंड उघडलं. तोंडाने म्हटलं, छे छे, कशाला उगाच त्रास!

थोडा वेळ थांबल्या. या वेळी थांबल्या, हे खरं. मग म्हणाल्या, बरं.

आता घरी बसून लिहितोय : हो, या. हो बाई, नक्की या. रविवारी नऊला या, केळी तळतो.

तीनदा लिहिलं. कागदावर येतंय.