कर्म क्रियापदाच्या आधी

नारायण पेठ, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

चि. कल्याणीस,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू धाकटी असूनही मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

केयूर आणि सुरुचीकडे तिकडे ग्रानादात मुलगी आली आहे. लुसिआ, वय वर्षे सात. दत्तकाचे कागद सप्टेंबरात पक्के होतील, तोवर ती त्यांच्याकडेच राहील. आजी झाल्याची ही बातमी मला चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर दिली, मी मटार सोलत असताना. ती बोलते काय, असं विचारलं, तर म्हणाला, फक्त स्पॅनिश, पण आई, तू टेन्शन घेऊ नकोस, मे महिन्यात आलो की मी ट्रान्सलेट करीन. मी त्याला सांगितलं की मी कोर्टात उभी नाही. नातीशी बोलायला मला दुभाष्या नको.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या अवनीला पकडलं आहे. ती हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत दिवसभर स्पेनच्या लोकांशी बोलते आणि रविवारी सकाळी मला शिकवते. मराठी मात्र तिला सलग तीन शब्द येत नाहीत. काल म्हणाली, आजी, आज आपण डायरेक्ट ऑब्जेक्ट प्रोनाउन्स कव्हर करू. मी म्हटलं, बाळ, कव्हर वह्यांना घालतात, आणि ऑब्जेक्टला कर्म म्हणतात.

गुडघ्यांची काळजी घे. तुझा लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
श्यामलाताई


सांगली
२४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना कर्म शिकवलंस, आता भोग. आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर असत्या तर तुला पहिल्या बाकावर बसवून त्यांनी सूड उगवला असता.

आता एक गोष्ट, जी तुला सांगायचा धीर सुरुचीला होत नाही म्हणून तिने मला सांगितली. लुसिआला आधी एका कुटुंबाने नेलं होतं. दीड वर्ष ठेवलं आणि स्वभाव जुळत नाही म्हणून संस्थेत परत दिलं. त्यामुळे केयूरकडे येऊनसुद्धा ती कपडे कपाटात लावत नाही, सगळे बॅगेतच ठेवते. सप्टेंबरात काय होणार ते तिला हजारदा समजावून झालं. ती मान डोलावते आणि बॅगेची चेन लावते.

तू चिडशील. खुशाल चीड, पण तिच्यासमोर नको.

रागाइतकाच लोभही शाबूत ठेवावा, ही प्रार्थना.

तुझी,
कल्याणी


पुणे
६ एप्रिल २०२५

चि. कल्याणीस,
अ. उ. आ.

चिडले. मूल म्हणजे काय तडा गेलेली बरणी आहे, परत द्यायला? मंडईत निवडून घेतलेली भेंडी परत करताना माणूस लाजतो. असो. तुझं ऐकून सगळा राग अभ्यासावर काढते आहे.

अभ्यासात माझी फजिती चालली आहे ती एका 'ला'पायी. आपण 'आणला' म्हटलं की वस्तू पुल्लिंगी. त्यांच्याकडे 'ला' आला की स्त्रीलिंगी, आणि पुरुषाला 'लो'. त्यामुळे मी आंब्याला 'ला' आणि नातीला 'लो' करत बसले. अवनी हसून गडबडा लोळली. हसण्यात मात्र तिने एकही इंग्रजी शब्द घातला नाही.

पण परवा एक चमत्कार पाहिला. 'मी मुलीला बघते' हे त्यांच्या भाषेत म्हणायचं तर आधी क्रियापद, आणि मुलगी त्याच्या मागे. पण एकदा का ती ओळखीची झाली, तिच्या जागी सर्वनाम आलं, की म्हणायचं 'ला वेओ'. तिला बघते. म्हणजे परकी होती तोवर मागे उभी. ओळख पटली, की एवढीशी होऊन पुढे येते आणि क्रियापदाचं बोट धरते. कल्याणी, मी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण त्यात असं कोणी चालत पुढे येताना मला कधी दिसलं नव्हतं.

आणि 'ते किएरो'. 'ते' म्हणजे तुला. 'किएरो' म्हणजे हवं असणं आणि माया असणं, दोन्ही. तू मला हवी आहेस हेच त्यांचं प्रेम, आणि लोक ते रोज म्हणतात म्हणे, दारातून बाहेर पडताना! बाबा आपल्याला 'जेवलीस का' यापलीकडे काही म्हणाले नाहीत, आणि आपण तेवढ्यावर म्हाताऱ्या झालो.

सांगलीचे बेदाणे पाठव, आणि त्यात थोडा लोभ घाल.

तुझी,
ताई


पुणे
२० मे २०२५

चि. कल्याणीस,
अ. उ. आ.

मंडळी आली. लुसिआ बारीक, मोठ्या डोळ्यांची. आठवडाभर माझ्या प्रत्येक प्रश्नाला 'सी' किंवा 'नो', हो किंवा नाही, एवढंच. बॅग पलंगाशी, चेन लावलेली.

तिच्यासाठी आणलेलं परकर-पोलकं आखूड झालं. काल तिलाच बरोबर घेऊन बदलायला गेले. दुकानदाराने मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं: 'एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.' मी त्याला म्हटलं, मला वाचता येतं, तुम्हाला मापं घेता येत नाहीत. तो म्हणाला, आजी, परकर नाही आखूड, नात उंच आहे.

बाहेर आल्यावर लुसिआने विचारलं, पाटीवर काय आहे. मी परकर पुल्लिंगी धरून सांगितलं की इथे 'लो' परत करता येत नाही. तिने ताबडतोब दुरुस्त केलं, 'ला'. त्यांच्याकडे परकर बाई असतो. हे तिचं माझ्याशी पहिलं मोकळं बोलणं, आणि तेही चूक काढण्याचं. म्हटलं, आपल्याच घरची.

चार पावलं गेल्यावर तिने माझा पदर धरला आणि विचारलं, 'मे देवोल्वेइस?' मला? मला परत करणार?

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. त्या एका 'मे'त सबंध मूल उभं होतं, गं, आणि ते मला दुभाष्याशिवाय ऐकू आलं. उत्तर तयार होतं, आम्ही तुला परत देत नाही, अवनीने घोकून घेतलेलं. पण तोंडातून निघालं, 'नो तुला देवोल्वेमोस.' 'ते'च्या जागी आपलं 'तुला'! ना त्यांची भाषा, ना आपली. ती थबकली. 'तुला?' म्हणाली. मी तिच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, तुला. मग ती हसली. त्या पाटीवाल्या दुकानापासून घरापर्यंत तुला, तुला, तुला करत उड्या मारत आली.

घरी येऊन मी पुठ्ठ्यावर पाटी केली, कारण पुण्यात पाटीशिवाय कशालाच वजन नाही: 'एकदा घरात आलेली मुलगी कोणत्याही कारणास्तव परत दिली जाणार नाही. हुकमावरून.' केयूरने तिला अर्थ सांगितला, ट्रान्सलेट करायची त्याची एवढीच हौस मी भागवली. पाटी तिनेच दारावर चिकटवली, थोडी तिरकी. सरळ करायला गेले तर हात धरला.

आज सकाळी बॅग रिकामी होती. माझ्या कपाटात माझी पातळं एका बाजूला सरकवून आखूड परकरासकट सगळं लावलेलं. न विचारता. मी त्या कपाटापुढे देवापुढे उभं राहावं तशी उभी राहिले.

अवनी म्हणते, 'तुला' चुकीचं आहे, दुरुस्त करा. मी तिला सांगितलं, खबरदार. कर्म क्रियापदाच्या आधी आहे ना? मग झालं.

लोभाचं मी काही लिहीत नाही. खालची ओळ तुझ्या नव्या नातीने स्वतः लिहिली आहे, ती त्याजागी धर.

तुझी,
ताई

कल्याणी आजी, तुला किएरो.