माथ्यावरची चिचुंद्री

सर, डोंगराच्या मधल्या रानात उंदरा-चिचुंद्र्यांच्या जाती सर्वांत जास्त आणि माथ्यावर जवळजवळ काहीच नाही, हे तुमचं म्हणणं मी इतकी वर्षं माझ्या वर्गात तुमच्याच शब्दांत सांगत आले. यंदाच्या हिवाळ्यात ते माझ्याच हातून मोडलं. शोधनिबंध लिहून तयार आहे, पण तुमचं नाव आलेल्या वाक्यापाशी हात अडतो.

आपण घोटीच्या वरच्या डोंगरात पिंजरे लावायचो तेव्हा आमिष एकच असायचं. काकू तुमच्या नाशिकच्या घरी शेंगदाणे भाजून गुळात कुटून द्यायच्या. रानउंदीर त्यावर तुटून पडायचे, आणि खरं सांगायचं तर आम्ही विद्यार्थीही. एकदा माथ्यावर मी माझ्या डब्यातली सुकट पुढे केली, म्हटलं चिमूटभर घालून बघू. तुम्ही नाक मुरडलंत. "हा वास माझ्या पिंजऱ्यांना लागता कामा नये," एवढंच म्हणालात. मी डबा उचलला आणि लांब एका खडकावर, तुमच्याकडे पाठ करून जेवले. चिचुंद्री किडे खाऊन जगते हे मला तुम्हीच शिकवलं होतंत, पण पिंजऱ्यापाशी ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सर, आपण अख्ख्या डोंगराला उपासाचं खायला घालत होतो.

यंदा मी शेंगदाण्याशेजारी सुकट ठेवली. सकाळी माथ्यावरच्या एकामागून एका पिंजऱ्यात चिचुंद्री, त्यातली एक बारकी, काळपट जात तर मी खाली कधीच पाहिली नव्हती. माथा रिकामा नव्हताच. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि मग तुमची आठवण येऊन मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. चहा देताना त्यांनी विचारलं, "तू परत तिथंच पिंजरे लावलेस ना? यांचं बरोबर निघालं का गं?"

मी म्हणाले, "हो काकू." त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं बोलवेना. निबंध छापून आला की त्यांना कुणीतरी सांगेलच, आणि मग मी त्या घराची पायरी कोणत्या तोंडानं चढणार?

निबंध मी पाठवणार आहे, पण तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे पाठवायचं? तरीही एक गोष्ट इथे लिहून टाकते. त्या सकाळी मला चिचुंद्री सापडल्याचा आनंद झालाच, पण तुम्ही चुकलात याचा त्याहून जास्त झाला.