सोडून देऊ नये

२ मार्च, सोमवार

—आणि सातवी काडी उलटी बसली. पुन्हा काढली.

अँटेना जेवणाच्या टेबलावर आडवी, माशाच्या काट्यासारखी. एका टोकाला लांब काड्या, दुसऱ्या टोकाला आखूड. आखूड टोक प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे करायचं. ही चष्मा लावून जोडणीचं पत्रक वाचते, मी पाना फिरवतो. तीस वर्षं परिचारिका होती. कागदावर आहे ते करायचं, मनानं डोस बदलायचा नाही — हे तिचं तत्त्व. पत्रकातली बारा कलमं दोनदा वाचली, घडी घातली, रेडिओखाली ठेवली. "पाठ झालं," म्हणाली. झालं असणारच.

रविवारी संध्याकाळी सातला लेक पहिल्यांदा टीव्हीवर हवामान सांगणार. ते केंद्र गच्चीवर अँटेना असेल तरच दिसतं. म्हणून ही घाई.

मला उंचीची भीती वाटते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हिला माहीत नाही. किंवा माहीत आहे.

३ मार्च, मंगळवार

गच्चीवर मोजमाप. खालचा इलेक्ट्रिशियन सोबत आला. गल्लीत सगळे त्याला झटका म्हणतात, तोही त्याच नावाला ओ देतो.

"काका, खांब जेवढा उंच, त्याच्या दुप्पट लांब राहायचं तारांपासून. आणि वारा असेल तर घरात बसून पत्ते खेळा."

खांब बारा फूट. विजेच्या तारा मागच्या बाजूला. पुढच्या कठड्यापासून सत्तावीस फूट. हिनं टेप धरला, मी आकडा वाचला. तीनदा. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मी खाली बघितलं नाही.

संध्याकाळी

पत्रक आज पहिल्यांदा हातात घेतलं. जुनी सवय — आधी तळाची ओळ बघायची, छपाई कुणाची. आमच्याच छापखान्याची! साल मी नोकरीत असतानाचं. म्हणजे याचं मुद्रित मी तपासलेलं. हसू आलं. पहिल्या कलमापासून वाचत गेलो. ऱ्हस्वदीर्घ चोख. विरामचिन्हं चोख.

कलम नऊ. ‘उभारताना खांबाचा तोल गेल्यास तो सोडून देऊ नये.’

शेजारी चित्र. खांब कलंडतो आहे. माणूस मागे सरलेला. दोन्ही हात उघडे.

पुन्हा मजकूर वाचला, पुन्हा चित्र बघितलं.

चित्र बरोबर आहे. पडता खांब तारेला टेकला आणि तेव्हा तो हातात असला तर काय होईल, हे मलाही कळतं. मजकूर उलटा आहे. माझ्या नजरेतून सुटला. चित्रं तपासणं माझं काम नव्हतं. अक्षरं तपासणं होतं.

तळाला प्रतींचा आकडा. पाच हजार.

ही स्वयंपाकघरात होती. पेन्सिलीनं ‘देऊ नये’ खोडलं, वर ‘द्यावा’ लिहिलं. पत्रक पुन्हा रेडिओखाली. ती बघेल.

४ मार्च, बुधवार

ती बघत नाही. जे पाठ आहे ते कशाला बघेल?

सांगायचं ठरवलं होतं. चहा झाला. जेवण झालं.

"काय गिळून बसलाय? बोला तरी."

म्हणालो, दाढ दुखते. तिनं तोंड उघडायला लावलं, बॅटरीनं दाढ तपासली. निदान — "दाढ उत्तम. माणूस खोटा."

५ मार्च, गुरुवार

पाच हजार घरं. पाच हजार गच्च्या. प्रत्येक खांबाच्या बुडाशी कुणीतरी मुठी आवळून उभं आहे आणि मनात माझं वाक्य म्हणतं आहे. झोप नाही.

उद्या सकाळी सांगायचं. उठल्या उठल्या.

६ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. आता जे झालं ते लिहितो.

झटका चारला येणार होता. "मी आल्याशिवाय हात लावू नका, तिघं तरी लागतात." दिवसभर वारा होता, तीनच्या सुमारास पडला. ही पदर खोचून उभी. म्हणाली, "आत्ताच उरकू. नंतर सुटला तर? लेक हवामान सांगणार आणि आईबापांना वारा कळेना!" हसली. मीही हसलो. जिन्यात म्हणालो, "अगं, ते कलम नऊ —" ती म्हणाली, "पाठ आहे हो."

पुढं काही बोललो नाही. माझ्या खांद्यावर खांब होता. हे कारण नाही.

पुढच्या कठड्याला लोखंडी कडी आधीच बसवलेली. खांबाचं बूड कडीत, ही बुडाशी. मी डोक्याकडून उचलत उचलत तिच्याकडे चालत आलो. खांब उभा राहिला. इतका सोपा! ती म्हणाली, "मी धरते, तुम्ही नट आवळा." वाकलो. पाना नटाला लावला.

वारा आला. फार नाही. पण वर काड्यांचा तो सांगाडा होता, त्यानं वारा धरला. कडी फिरली, खांब रस्त्याकडे कलला. हिनं दोन्ही हातांनी मिठी मारली. खांब तिला ओढत होता. गुडघे कठड्याला टेकले.

"सोड!"

"नाही!"

"अगं सोड!"

"कलम नऊ!"

खरंच असं ओरडली. कलम नऊ.

मी कठड्यावरून पुढं झुकलो. तिची बोटं सोडवली, एकेक. करंगळी आधी. मग कमरेला धरून मागं ओढली. दोघं पाठीवर पडलो. खांब गेला. खाली निळा उजेड. फटाक्यासारखा आवाज, मग जळका वास. रस्त्यावर कुणी नव्हतं.

रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून आमच्याच घरात येणारी तार. पुढच्या कठड्याखाली. ती मोजलीच नव्हती. आम्ही वर बघून मोजत होतो.

ती बोटं चोळत बसली.

"सोडू नका लिहिलंय. मी वाचलंय."

पत्रक आणून दिलं. पेन्सिलीची खूण तिनं नखानं चाचपली.

"हे कधी खोडलंत?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

"पेशंटचा डोस चुकला तर आपण काय करतो माहितीये? आधी ओरडतो. लाज नंतर." मग हळूच — "छापलं कुणी हे?"

सांगितलं. मी तपासलेलं, नजरेतून सुटलं, पाच हजार प्रती. तिनं माझी बोटं बघितली, कुठं खरचटलंय का.

चारला झटका आला. जळालेली तार बघितली, आम्हाला बघितलं. शिव्या घातल्या, त्यातही काका-काकू म्हणत होता. वीज कंपनीला फोन केला. जाताना दारात थांबला.

"सोडलंत म्हणून आहात. धरून बसलेले दोघं मी स्वतः उतरवलेत, काका. मुठी उघडाव्या लागल्या."

"कधी?"

"एक गेल्या वर्षी. एक आधी."

"त्यांच्याकडं पत्रक होतं?"

"कसलं पत्रक?"

घरात दिवे नाहीत. खिडकीशी बसून लिहितो आहे, अजून दिसतं आहे तोवर.

७ मार्च, शनिवार

सकाळी छापखान्यात गेलो. मालकांनी स्वतः कपाट उघडलं. प्रत्येक कामाचं पाकीट जपून ठेवतात. हे सापडलं. आत अँटेना कंपनीचा टंकलिखित मजकूर. कलम नऊ — ‘खांबाचा तोल गेल्यास तो सोडून द्यावा.’

‘द्यावा’वर लाल रेघ. वर लाल शाईत ‘देऊ नये’. समासात ‘मूळ प्रतीत चूक’. खाली माझी सही.

नजरेतून सुटलं नव्हतं.

ही बाहेर रस्त्यावर उभी होती. तिला पाकिटातला कागद दाखवला. तिनं वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. आधी अँटेना घेतली त्या दुकानात जातो आहोत, मग कंपनीत, मग झटक्यानं उतरवलेल्या त्या दोघांची घरं.