आपल्या खाजणातला चिखल

आये, माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे आणि तिला खुबे खायचे आहेत. सकाळच्या ओहोटीला जाऊन मी ते आणलेत. टोपात पाणी घालून ठेवलेत, शिंपल्यांची तोंडं उघडून गाळ ओकत बसलेत. पुढं काय करायचं ते मला कळत नाही. विचारायला माणूस नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तिसरीपर्यंतची शाळा माझी, अक्षर वेडंवाकडं आहे. तुला तर तेवढंही येत नव्हतं, तेव्हा नावं ठेवू नकोस.

खुबे आपल्याच खाजणातले आहेत. तिवरांच्या मागचं, जिथं तू मला पहिल्यांदा नेलंस. अजून दिसतं मला. तू लुगडं खोचून पुढं चालते आहेस, पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपतेस, खुबा लागला की वाकतेस. मी मागं नाक धरून उभी. तू वळतेस आणि चिखलाच्याच हातानं माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "नाक मुरडतंस? याच चिखलानं प्वाट भरलंय तुजं. दुनियेतला चिखल घाण असंल, ह्यो नाय." मी पहिलटकरीण म्हणून घरी आले त्या दिवशी तू दुसरं काही शिजवलंच नाहीस. ओलं खोबरं, आमसूल आणि खुबे. माहेरचा चिखल पोटात गेला की पोर सुखरूप खाली येतं म्हणालीस. तुझ्या आईनं तुला तसंच घातलं होतं. आपल्याकडे लेकीला पहिला घास तोच.

तू गेलीस तेव्हा वरचे कारखाने नुकते आले होते. आता त्यांचं पाणी रात्रंदिवस खाडीत उतरतं. गेल्या वर्षी सरकारी तपासणीवाले आले, खाडीच्या तळाचा चिखल काढून डब्यांत भरायला. त्यांच्यात एक मॅडम होती, माझ्या लेकीच्या वयाची. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उतरली आणि तिथंच रुतली. पाय निघाला, बूट राहिला. बाया हसून लोळल्या. "मॅडम, बूट खाडीला आहेर केलात काय गो?" तीही हसली बिचारी. मग मला म्हणाली, "मावशी, एक चांगली जागा दाखवा. जिथं कारखान्यांचं पाणी पोचत नाही अशी. तिथल्या चिखलाशी बाकीचा ताडून बघायचाय." कशाला, म्हटलं. म्हणाली, पाण्यात किती विष चालतं त्याचा नियम आहे, तळाच्या चिखलाचा नाही. तो ठरवायचाय. बाहेरच्या देशांतले आकडे आहेत, पण ते इथल्या चिखलाला लागू पडतील असं नाही. मी म्हटलं, "चालतं म्हंजे? विष काय मीठ हाय, चवीपुरतं चालायला?" मग मीच तिला घेऊन गेले. कुठं नेणार? आपल्या खाजणात नेलं. पाहुण्याला घरातलं चांगलं तेच दाखवतो ना आपण. डबा भरताना माझी मान ताठ होती, आये. म्हटलं, आता सगळ्या खाडीचा चिखल माझ्या आयेच्या चिखलापुढं उभा करून मोजणार.

मॅडम दिवाळीनंतर परत आली. या वेळी बूट नव्हते. बांधावर माझ्या शेजारी बसली, माझ्याकडे न बघता बोलली. "मावशी, तुमच्या जागेतही पारा निघाला. बाकीच्याएवढाच." भरतीचं पाणी सगळीकडे फिरतं म्हणाली, गाळ घेऊन येतं नि टाकून जातं. "मग नियम?" "आता दुसरी जागा शोधायची. पेणकडे बघू. ताडायला स्वच्छ चिखल मिळाल्याशिवाय आकडा ठरत नाही." "आणि तवर आमी खायचं का नाय?" ती म्हणाली, "खाऊ नका असं मला लिहून देता येत नाही. आकडाच नाही ना." मी भडकले. "लिवून कोण मागतंय? मला वाचताना घाम फुटतो. तोंडानं सांग." खुब्यांनी गाळ ओकला तरी पारा त्यांच्या मांसातच राहतो, एवढं मात्र म्हणाली. मग एसटी धरून गेली. फिरून आली नाही.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती पेणजवळच्या हमरापूरला दिलेली, दिवसभर गणपतींचं रंगकाम करते, नखांतला पिवळा रंग अजून गेला नाही. हसली. "आये, पेणला स्वच्छ चिखल बघत्यात? आमच्याकडं या म्हनावं, शाडू दावते." आणि वर म्हणते, "तू खाल्लंस तवा मी झाले ना धडधाकट?" तेव्हा कारखाने नव्हते, म्हटलं. "मग नाय म्हन आणि मोकळी हो." तेच तर जमत नाही. नाही म्हणायला माझ्याकडे आकडा नाही, हो म्हणायला छाती नाही. कालवण न घालता बाळंतपण केलं आणि काही वाईट झालं, तर आयुष्यभर वाटेल माहेरचा घास चुकवला. घातलं आणि झालं, तर? वाण्याच्या दुकानातून तिच्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमचं बायांचं तुम्ही बघा.

टोपातलं पाणी सकाळपासून बदलते आहे. आता अगदी नितळ येतंय, तळ दिसतो. तरी पुन्हा बदलते. आतून हाक येते, "झालं का गो आये?" मी सांगते, गाळ सोडू दे अजून. चूल पेटवलेली नाही.

हा कागद तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. पोचला असता तरी धाडला नसता. "घाल तिला" असंच तू म्हणाली असतीस, आणि मी तुझं ऐकलं असतं.